शपथ नको, सोबत हवी

आपल्या माणसाची सिगारेट सुटावी असे कोणत्या घराला वाटत नाही? पतीच्या खोकल्याने पत्नीला रात्री जाग येते. वडिलांच्या सदऱ्याचा वास मुलीला नकोसा होतो. कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या खिशात आईला काडेपेटी सापडते. अशा वेळी मन व्याकूळ होणे साहजिकच होय. विचार करावयाचा तो त्यापुढच्या प्रश्नाचा. प्रौढ, समंजस माणसाच्या सवयीत आपण कोठवर हात घालावा? त्याच्यावरील प्रेम आपल्याला त्याच्या इच्छेविरुद्ध वागण्याचा अधिकार देते काय? आणि देत नसेल, तर गप्प बसणे हाच त्याच्या स्वातंत्र्याचा आदर ठरतो काय?

आपल्या घरांतून या प्रश्नाला एक सोपे उत्तर रूढ आहे. ते म्हणजे शपथ. 'पुन्हा ओढाल तर माझ्या गळ्याची शपथ', 'लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांगा'. हेतू निर्मळ असतो, यात शंका नाही. परंतु शपथेचे पुढे काय होते ते पाहावे. लेकराच्या डोक्यावर हात ठेवणारा त्या क्षणी खोटे बोलत नसतो. तिसऱ्या दिवशी एस.टी. स्टँडच्या आडोशाला तो एक झुरका घेतो, आणि त्या क्षणापासून त्याच्या शिरावर दोन ओझी येतात, एक तंबाखूचे आणि दुसरे मोडलेल्या शपथेचे. मग तोंडात लवंग येते, हात साबणाने धुतले जातात, घरी यायला उशीर होऊ लागतो. त्या घरात धूर येत नाही, पण खरेही येत नाही. तंबाखू एका देहाला पोखरते. हे लपवणे दोघांमधील विश्वासाला पोखरते.

शपथ का मोडते हे समजून घ्यावयास हवे. धुरातील निकोटिन काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोचते आणि मेंदूला त्याची सवय जडते. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी १९८८ च्या अहवालात निकोटिनची गणना व्यसन जडविणाऱ्या द्रव्यांत स्पष्टपणे केली. सिगारेट थांबली की काही तासांतच चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश सुरू होतो. कामात चित्त लागत नाही, भूक वाढते. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात आणि बहुतेकांचा हा त्रास दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. पहिल्याच प्रयत्नात सुटका होणारे थोडे. अनेकांना पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा लागतो. तेव्हा तिसऱ्या दिवशी जेवणाच्या ताटावर जो खेकसतो, त्याचा राग भाजीवर नसतो आणि आपल्यावरही नसतो.

मग अशा माणसाला स्वतंत्र म्हणावे की परतंत्र? चांगले काय ते कळते, तरी हातून घडत नाही, हे कोडे अ‍ॅरिस्टॉटलने 'निकोमाखियन नीतिशास्त्रा'च्या सातव्या भागात सोडवावयास घेतले. संत ऑगस्टिन यांनी तेच स्वतःच्या जीवनात अनुभवले आणि आपल्या 'कबुलीजबाबा'च्या आठव्या भागात मांडले. मन हाताला आज्ञा करते आणि हात हलतो. पण मन मनालाच आज्ञा करते तेव्हा ती पाळली जात नाही, कारण इच्छाच दुभंगलेली असते. इ.स. ३८६ मध्ये मिलान येथील बागेत ते या झुंजीत सापडले, तेव्हा त्यांचा मित्र अलिपियस जवळच बसून होता. त्याने उपदेश केला नाही, घाई केली नाही आणि तो निघूनही गेला नाही. संत मोनिकेची कथा तर आपल्या घराघरांत ठाऊक आहे. तिने एका बिशपांना विनविले, माझ्या मुलाशी वाद घालून त्याला वळणावर आणा. बिशपांनी नकार दिला. त्याला सध्या त्याच्यावर सोड, तू प्रार्थना करीत राहा, असे त्यांनी तिला सुचविले. मोनिकेने वाद सोडला, मुलाला सोडले नाही.

दुभंगलेली इच्छा हीच आपल्या प्रश्नाची किल्ली आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करीत होते, आणि त्यांपैकी ५५.४ टक्के लोक ते सोडण्याचा बेत किंवा विचार करीत होते. म्हणजे निम्म्याहून अधिकांच्या मनात सोडण्याची इच्छा आधीच वस्तीला आहे. तिला बळ देणारा त्या माणसाच्या स्वातंत्र्यावर आक्रमण करीत नाही. त्याच्याच दोन इच्छांपैकी एकीच्या बाजूने तो उभा राहतो. उलट टोमणे आणि धाक यांमुळे विपरीत घडते. आपण सिगारेटवर आरोप करीत राहिलो की त्याला तिचे वकीलपत्र घ्यावे लागते. 'सोडावीशी वाटते का? अडते कोठे?' एवढे विचारून ऐकत बसावे. कधी कधी सोडण्याच्या बाजूचा युक्तिवाद तो स्वतःच करू लागतो.

याचा अर्थ सारे मुकाट्याने सोसावे असा मात्र नव्हे. दुसऱ्याच्या धुराने मुलांच्या श्वसनमार्गाला अपाय होतो आणि त्या धुराची सुरक्षित अशी मात्रा नाही. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर लागू झाले. घराच्या ओटीवर असा कायदा नाही, पण मर्यादा असू शकते. 'घरात आणि मुलांच्या देखत नको' असे सांगणे ही जबरदस्ती नव्हे. तसेच मुलाला दुकानातून पाकीट आणावयास धाडू नये. २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकण्यास बंदी आहेच, पण कायदा नसता तरी ते अनुचितच ठरले असते. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ मध्ये व्हॅटिकनमधील कर्मचाऱ्यांना होणारी सिगारेट-विक्री पुढील वर्षापासून बंद करण्याचा निर्णय घेतला. त्या विक्रीतून मिळणाऱ्या उत्पन्नावर त्यांनी पाणी सोडले. ओढणाऱ्याच्या हातातील सिगारेट त्यांनी हिसकावली नाही. आपल्या हाताने ती पुरवावयाचे मात्र नाकारले. कुटुंबानेही हीच रेघ ओढावी. हिसकावू नये आणि पुरवूही नये.

सोबत म्हणजे काय, तेही नेमके सांगावयास हवे. सोडण्याचा दिवस त्याने ठरवावा, आपण तो ध्यानात ठेवावा. डॉक्टरांकडे त्याच्याबरोबर जावे. निकोटिनचा च्युइंग गम आणि अन्य औषधे आज उपलब्ध आहेत आणि ती घेण्यात कमीपणा नाही. केंद्र सरकारच्या १८००-११-२३५६ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर समुपदेशन मिळते. जेवणानंतरची दहा मिनिटे फार कठीण असतात. तेव्हा त्याच्यासंगे फेरफटका मारावा. आणि आपल्याही घरातील तंबाखूकडे डोळे उघडून पाहावे. सकाळी मशेरी लावणाऱ्या आजीने नातवाला सिगारेटवरून बोल लावला, तर तो ऐकेल कसा? तिने आपली डबी त्याच्या पाकिटाशेजारी ठेवून 'दोघेही प्रयत्न करू' असे म्हटले, तर त्या वाक्याला वजन येईल.

प्रायश्चित्तकाळात आपल्याकडील कित्येक जण राखेच्या बुधवारपासून सिगारेट वर्ज्य करतात आणि ईस्टरच्या दिवशी पुन्हा पेटवतात. घरचे त्यावर हसतात. आम्हांस ही हसण्याची गोष्ट वाटत नाही. चाळीस दिवसांत देहाची सर्वांत बिकट वाट बहुधा तुडवून झालेली असते. ईस्टरची ती पहिली सिगारेट देहापेक्षा मनाने मागितलेली असते, कारण मनाने मुदतीचाच करार केलेला असतो. अशा माणसाला 'बघा, जमत नाही ना' असे हिणवण्याऐवजी पवित्र शनिवारी संध्याकाळी हळूच म्हणावे, 'कठीण ते झाले. आता आणखी एक दिवस पाहू या का?'

तरीही पाय घसरेल. घसरणे म्हणजे विश्वासघात नव्हे, आणि म्हणूनच शपथ नको. जेथे शपथ नाही तेथे घसरलेला माणूस घरी येऊन खरे सांगू शकतो. 'आता या वयात सोडून काय मिळवायचे?' हा प्रश्नही येईल. ब्रिटिश डॉक्टरांच्या ५० वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. तिशीच्या सुमारास सोडणाऱ्यांना सुमारे १०, चाळिशीला ९, पन्नाशीला ६ आणि साठीला ३ वर्षे अधिक आयुष्य लाभल्याचे त्यांतून दिसले. तीन वर्षे म्हणजे एखाद्या नातवाचा पहिला शब्द आणि शाळेचा पहिला दिवस.

आणि समजा, सारे करूनही त्याने सोडली नाही. उद्या फुप्फुसाचा आजार जडून तो खाटेला खिळला. त्या खाटेपाशी 'मी सांगत नव्हते का?' हे वाक्य ओठांवर येईल. ते खरे असले तरी गिळावे. आपले प्रेम त्याच्या सिगारेट सोडण्यावर अवलंबून नव्हते हे त्याला पटविण्याची ती अखेरची संधी असते. अलिपियसला बागेतील झुंजीचा शेवट आधी ठाऊक नव्हता. तो बसून राहिला, एवढेच त्याच्या हाती होते. आपल्याही हाती तेवढेच आहे, आणि ते थोडे नाही.