मनाचे आजार आणि आपला निवाडा

ताप चढला की आपण कपाळावर हात ठेवतो. हाड मोडले की हळहळतो. परंतु सर्व तपासण्या निर्दोष येऊनही जिची पोटदुखी थांबत नाही, तिच्याविषयी घरात एकच निवाडा होतो, 'सोंग करते'. खिन्न माणसाला आपण आळशी म्हणतो, भयभीताला भित्रा आणि भान हरपलेल्याला झपाटलेला. हा निवाडा न्याय्य आहे काय?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. चिंताविकारात धोका समोर नसतानाही शरीर संकटाला तोंड दिल्यासारखे वागते. छाती धडधडते, श्वास कोंडतो, आता मरणच आले असे वाटते. भावविकारांपैकी नैराश्यात किमान दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ, मन खिन्न राहते किंवा कशातच गोडी उरत नाही. झोप व भूक बिघडते आणि विनाकारण अपराधीपणा कुरतडत राहतो. विघटनाच्या विकारात स्मृती, जाणीव आणि 'मी'पण यांची वीण उसवते. स्वतःवर ओढवलेला प्रसंग आठवत नाही, आपलेच शरीर परके भासते. यामागे पुष्कळदा असह्य आघात असतो. चौथ्या प्रकारात शारीरिक वेदना आणि तिची काळजी सारे आयुष्य व्यापून टाकते.

या चौथ्या प्रकाराची खूण पूर्वी 'शारीरिक कारण न सापडणे' ही मानली जाई. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत ती अट काढून टाकली. कारण सापडले नाही म्हणून वेदना खोटी ठरत नाही. सोंग घेणारा लक्षणे जाणूनबुजून रचतो. रुग्ण ती भोगतो.

नीतिशास्त्राचा कसही हाच आहे. गंभीर पापासाठी पूर्ण जाणीव आणि मुक्त संमती लागते. रुग्णाने आपल्या खिन्नतेला संमती कधी दिली? भय आणि मानसिक कारणे यांमुळे कृत्याचा दोष कमी होतो, प्रसंगी नाहीसाही होतो, असे १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात सांगितले आहे. सैतान घालवण्याचा विधी आणि मानसिक आजार यांत गल्लत करू नये, आजाराचा उपचार वैद्यकशास्त्राकडे आहे, हेही तोच ग्रंथ बजावतो. देशाच्या कायद्यानेही हीच दिशा धरली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा करण्याऐवजी तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरते.

मग माणसावर काहीच जबाबदारी उरत नाही काय, अशी शंका कुणी घेईल. जबाबदारी उरते. उपचार घेणे, जमेल तितके पाऊल टाकणे ही रुग्णाची. त्याच्यावर विश्वास ठेवून त्याला डॉक्टरांकडे नेणे ही घरच्यांची. नोव्हेना सुरू केली म्हणून गोळ्या बंद करणे ही श्रद्धा नव्हे. एलिया संदेष्ट्याने रानात झुडपाखाली बसून मरण मागितले, तेव्हा देवाने त्याला अविश्वासू म्हटले नाही. त्याला झोपू दिले, आणि दूताकरवी दोनदा भाकर व पाणी दिले. पुढच्या वाटेविषयीचे बोलणे त्यानंतर झाले.

आपल्या घरातल्या दुःखिताशीही आपण याच क्रमाने वागावे, असे आम्हांला वाटते.