समूहवाचन आणि कॅसॉबनचा निवाडा

जॉर्ज एलियटची ‘मिडलमार्च’ ही कादंबरी डिसेंबर १८७१ ते डिसेंबर १८७२ या काळात आठ भागांत प्रसिद्ध झाली. तिचे समूहवाचन बहुधा न्यायसभेचे रूप घेते, आणि डोरोथियाचा वयाने बराच मोठा पती कॅसॉबन एकमताने दोषी ठरतो. हे एकमतच संशयास्पद आहे. एकोणतिसाव्या प्रकरणात निवेदन अकस्मात डोरोथियाकडून त्याच्याकडे वळते, आणि विद्वानांच्या अवहेलनेच्या भयाने पोखरलेला माणूस दिसू लागतो. परंतु समजून घेणे म्हणजे क्षमा करणे नव्हे. (एकट्या वाचकाला करुणेत विरघळता येते, गटात, विल लॅडिस्लॉशी विवाह केल्यास डोरोथियाची मालमत्ता हिरावणाऱ्या मृत्युपत्राच्या पुरवणीची आठवण कोणीतरी देतेच.)

मरणापूर्वी कॅसॉबन पत्नीकडे आपल्या इच्छेप्रमाणे वागण्याचे वचन मागतो. इच्छा कोणती, हे मात्र सांगत नाही. रात्रभराच्या तळमळीनंतर ती होकार द्यायला बागेत जाते, तेव्हा तो मृत आढळतो. हा होकार करुणेचा होता की खचलेपणाचा? मृत्यूने लेखिकेची सुटका केली, असा आक्षेप घेता येईल. चर्चेला ती सुटका नाही. कॅसॉबनला सहज दोषी ठरवणाऱ्यांनाच आता डोरोथियाने काय करायला हवे होते हे सांगावे लागते, आणि तेथे एकमत मोडते.