शिकवायला शिकण्याची तीन वर्षं

धुळे जिल्ह्यातल्या नरडाण्याच्या तरुणांना रोजगारासाठी फार शोधाशोध करावी लागत नाही, असं बाहेरच्याला वाटेल. मुंबई-आग्रा महामार्ग गावाजवळून जातो, एमआयडीसी आहे, सुरत-भुसावळ लोहमार्गावरची गाडी पकडली की सुरतेचे कापड कारखाने गाठता येतात. तरीही शिंदखेडा तालुक्यातल्या अनेक घरांत मुलीची बारावी झाली की डी.एड.चा विषय निघतोच. वीस वर्षांपूर्वीची झुंबड आज नाही, पण ओढ टिकून आहे. शिक्षकाच्या नोकरीत मान आहे, स्थैर्य आहे आणि शेतकऱ्याच्या घराला ठाऊक असलेली अनिश्चितता तिच्यात नाही. निदान तशी समजूत आहे. ती खरी ठरायला किती वर्षं लागतात आणि त्या वर्षांत उमेदवार नेमकं काय शिकतो, याचा विचार मात्र आपण फारसा करत नाही.

हा रस्ता एकदा मोजून पाहू. आधी दोन वर्षांची डी.एड. पदविका. मग शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, जी राज्यात डिसेंबर २०१३ मध्ये पहिल्यांदा झाली. १५० गुणांपैकी खुल्या प्रवर्गाला ६० टक्के मिळवावे लागतात. त्यानंतर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, दोन तासांत २०० प्रश्न. तिच्या गुणांवर 'पवित्र' या शिक्षक भरतीच्या पोर्टलवरची निवड ठरते. ही चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली, त्यानंतर थेट २०२३ मध्ये आणि मग २०२५ मध्ये. जी मुलगी २०१८ मध्ये पदविका घेऊन बाहेर पडली, तिने नुसत्या चाचणीसाठी पाच वर्षं वाट पाहिली. मधल्या काळात २०१९-२०च्या टीईटीतला गैरव्यवहार उघड झाला आणि सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. ज्यांनी रात्र-रात्र जागून प्रामाणिकपणे ती परीक्षा दिली होती, त्यांच्याकडेही लोक संशयाने पाहू लागले. ही झळ कोणत्याच आकडेवारीत येत नाही.

एवढं करून नेमणूक मिळाली की पहिली तीन वर्षं 'शिक्षणसेवक' म्हणून मानधनावर काम करायचं. महाराष्ट्रात ही व्यवस्था २००० पासून आहे. प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाला २०२३ पर्यंत महिन्याला ६,००० रुपये मिळत. उच्च न्यायालयाने हे मानधन अपुरं असल्याचं म्हटल्यानंतर ते १६,००० झालं. सातव्या वेतन आयोगानुसार नियमित प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतनच २९,२०० पासून सुरू होतं, भत्ते वेगळे. वर्ग तोच, मुलं तीच, जबाबदारीही तीच.

या व्यवस्थेवरची टीका बहुतेक वेळा मानधनापाशी थांबते. माझा आक्षेप त्याच्या पुढचा आहे. नव्या शिक्षकाला काही वर्षं उमेदवारी करू द्यावी, ही कल्पना मुळात चांगली आहे. डॉक्टर पदवीनंतर थेट शस्त्रक्रिया करू लागत नाही, नवा वकील ज्येष्ठाच्या हाताखाली बसतो. शिकवणं त्यांच्यापेक्षा सोपं नाही. पण उमेदवारी म्हटलं की दोन गोष्टी गृहीत असतात: शिकणाऱ्याला थोडा कमी मोबदला आणि शिकवणारा कुणीतरी जवळ. आपण पहिली गोष्ट काटेकोरपणे अमलात आणली आणि दुसरी विसरलो.

ग्रामीण भागातली द्विशिक्षकी शाळा डोळ्यांपुढे आणा. नवी शिक्षिका पहिल्या दिवशी हजर होते आणि तिच्यासमोर एकाच खोलीत दोन किंवा तीन इयत्ता बसलेल्या असतात. दुसरे शिक्षक मुख्याध्यापकाचा प्रभार सांभाळतात. पोषण आहाराचा हिशेब, यू-डायस या शासकीय प्रणालीत भरायची शाळेची माहिती, ऑनलाइन अहवाल ही कामं 'तुम्हाला मोबाइल चांगला जमतो' म्हणून हळूहळू तिच्याकडे सरकतात. तिचा पाठ पाहायला कुणी मागच्या बाकावर बसत नाही. तिसरीतला एखादा मुलगा हातच्याची वजाबाकी का चुकवतो, हे तिच्यासोबत बसून कुणी शोधत नाही. बी.एड.च्या अभ्यासक्रमात २० आठवड्यांची आंतरवासिता आहे, पदविकेतही शालेय अनुभव आहे. पण तिथला ताण बराचसा टाचण वही पूर्ण करण्याचा आणि गुण मिळवण्याचा असतो. खरी शाळा नेमणुकीनंतर सुरू होते, आणि नेमक्या त्या वेळी शिकाऊ शिक्षक एकटा पडतो.

'अनुभवाने सगळं येतं' असं यावर सांगितलं जातं. अनुभवाने सवयी लागतात, हे खरं. त्या चांगल्या लागतील याची हमी कुठे आहे? ज्याला पहिल्या वर्षी वर्ग गप्प ठेवण्यासाठी छडी किंवा दरडावणी हाच उपाय सापडला, तो पुढची तीस वर्षं तेच करण्याची शक्यता मोठी. पहिल्या तीन वर्षांत सापडलेल्या वाटेवरच बहुतेक शिक्षक पुढे चालत राहतात, म्हणूनच ती वर्षं सर्वांत मोलाची आहेत.

२०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत नवख्यांच्या अनुभवाचा हा प्रश्न आणखी तीव्र झाला. बारावी झालेल्याला ६,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन, मुदत आधी सहा महिने, नंतर पाच महिन्यांची वाढ. यातले अनेक तरुण जिल्हा परिषदेच्या शाळांत मदतीला आले. कुठे त्यांनी पूर्ण वर्ग सांभाळला, कुठे मागे पडलेल्या मुलांना घेऊन बसले. मुलांची नावं पाठ झाली, कुणाला कुठे अडतं ते कळू लागलं, आणि मुदत संपली. त्यांनी जे कमावलं त्याची नोंद पुढच्या कोणत्याही निवडीत नाही.

आणि नोंद घेण्यासारखं त्यांच्याकडे बरंच असतं. खानदेशातली बरीच मुलं घरी अहिराणीत बोलतात. शिरपूरच्या उत्तरेला सातपुड्याकडे गेलं की पावरी आणि भिली ऐकू येते. पहिलीत ही मुलं प्रमाण मराठीसमोर गप्प होतात, आणि आपण त्यांना मठ्ठ ठरवून मोकळे होतो. नरडाण्यात वाढलेला तरुण अहिराणी बोलणाऱ्या मुलाला त्याच्या बोलीत प्रश्न विचारू शकतो आणि तिथून त्याला पुस्तकातल्या मराठीपर्यंत आणू शकतो. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्याचा आग्रह धरतं. मात्र २०० प्रश्नांच्या चाचणीत या क्षमतेला एकही गुण नाही.

नरडाण्याहून भुसावळच्या दिशेने निघालं की याच लोहमार्गावर अमळनेर लागतं. तिथल्या शाळेत १९२४ मध्ये कोकणातून आलेले एक तरुण एम.ए. शिक्षक म्हणून रुजू झाले. पांडुरंग सदाशिव साने. त्यांच्याकडे छात्रालयाची जबाबदारी आली आणि वर्गाबाहेर मूल कसं जगतं हे त्यांना तिथे दिसलं. मुलांसाठी त्यांनी हस्तलिखित दैनिक चालवलं, पुढे 'विद्यार्थी' मासिक काढलं. १९३० मध्ये स्वातंत्र्यलढ्यासाठी त्यांनी शाळा सोडली. म्हणजे शिक्षकी जेमतेम सहा वर्षांची, तरी महाराष्ट्राने त्यांना कायमचं 'गुरुजी' म्हटलं. प्रत्येक जण साने गुरुजी होणार नाही. पण एका नवख्या शिक्षकाला मुलांच्या सहवासाचा अवकाश मिळाला तर काय घडू शकतं, हे खानदेशाने पाहिलेलं आहे.

म्हणून मागणी अशी की तीन वर्षांच्या या काळाला खऱ्या उमेदवारीचं रूप द्यावं. शाळांच्या प्रत्येक केंद्रातल्या अनुभवी शिक्षकांपैकी एकावर नव्यांची जबाबदारी असावी, आणि त्याने महिन्यातून ठरावीक दिवस त्यांच्या वर्गात बसावं; त्यासाठी त्याचं इतर काम कमी करावं. पहिल्या वर्षी शिक्षणसेवकाकडे शाळाबाह्य आणि कारकुनी कामं देऊ नयेत. शाळेत सहायक म्हणून घालवलेल्या काळाला आणि स्थानिक बोलीच्या ज्ञानाला निवडीत वजन असावं. त्यात वशिला शिरू नये म्हणून ते प्रत्यक्ष पाठातून, बाहेरच्या परीक्षकांसमोर तपासावं. मानधन निदान दुसऱ्या वर्षापासून नियमित वेतनाच्या जवळ जावं. यातला खर्चाचा भाग शेवटच्या मागणीपुरताच मोठा आहे. बाकीच्यांना प्रामुख्याने इच्छाशक्ती लागते.

तयारी करणाऱ्या तरुणांनाही एक सांगावंसं वाटतं. सरावसंच सोडवा, त्याला पर्याय नाही. पण जाहिरातीची वाट पाहताना आठवड्यातले काही तास गावच्या शाळेत द्या. मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला विचारून, वाचता न येणारी चार मुलं घेऊन बसा. त्यांना आधी काय येत होतं, कशामुळे अडलं, कोणती युक्ती लागू पडली, हे लिहून ठेवा. ही वही आज कोणतंही पोर्टल मागत नाही. तरीही पहिल्या नेमणुकीच्या दिवशी तुमच्या प्रमाणपत्रांपेक्षा तीच जास्त उपयोगी पडेल. आणि वर्षभर असं बसून शिकवणं आपल्याला आवडत नाही असं लक्षात आलं, तर तेही वेळेत कळलेलं बरं.

ज्या मुलीने पाच वर्षं चाचणीची वाट पाहिली आणि तीन वर्षं मानधनावर काढली, तिच्याकडून आपण तीस वर्षं उत्तम शिकवण्याची अपेक्षा करतो. ती अपेक्षा योग्यच आहे. पण ती करण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच मिळेल, जेव्हा त्या पहिल्या तीन वर्षांत तिला शिकवण्याची जबाबदारी शासनाने, ज्येष्ठ शिक्षकांनी आणि गावाने आपली मानलेली असेल.