रिकाम्या डब्या

अंबरनाथच्या एका घरी दोन भावांचा वाद ऐकला. दिवंगत वडिलांनी जुन्या चित्रपटांच्या डीव्हीडी जमवल्या होत्या. ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘श्यामची आई’ (१९५३) आणि असेच बरेच. घर दोन खोल्यांचे. धाकट्याला तबकड्या पिशवीत भरून डब्या भंगारात द्यायच्या होत्या. थोरला म्हणे, मूळ वेष्टनाशिवाय संग्रह कसला? वडील गेल्यापासून मात्र एकही तबकडी कुणी लावली नव्हती.

वेष्टनाचा हा मोह, असे थोरल्याला म्हणणार होतो. पण वेदीवर सोनेरी मुलाम्याचा चषक रोज हाती धरणाऱ्याने ते कोणत्या तोंडाने म्हणावे? शिवाय जपणूक ही क्षुल्लक बाब नव्हे. ‘आलम आरा’ची (१९३१) एकही प्रत आज ज्ञात नाही. ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहून स्फूर्ती घेतलेल्या दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ही (१९१३) अंशतःच उरला आहे. तरीही चषक कायम कपाटातच राहिला, तर मुलामा कशासाठी?

एका डबीच्या आत वडिलांच्या अक्षरात तारीख होती, खाली घरातल्या पाच जणांची नावे. त्या रात्री तो चित्रपट कोणी कोणी पाहिला, याची ती नोंद. धाकट्याने ती डबी मुकाट्याने ढिगातून वेगळी काढली.

“प्लेअर चालतो का रे अजून?” थोरल्याने विचारले.