पुढे बसणाऱ्याचे कर्तव्य

एखाद्याला मदत केली की आपण त्याच्यावर उपकार केला असे मनाला वाटू लागते. हे वाटणे योग्य आहे काय? एका साध्या वाहनाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करू.

दोघांनी मिळून चालवायच्या सायकलीला टँडेम म्हणतात. पुढे डोळस माणूस बसतो, मागे अंध. हँडल आणि ब्रेक पुढच्याच्या हाती असतात. पण दोघांची पायडले साखळीने जोडलेली असल्यामुळे दोघांचे पाय बरोबरच फिरतात. पुण्याचे दिव्यांशू गणात्रा यांची दृष्टी काचबिंदूने वयाच्या १९ व्या वर्षी गेली. त्यांनी २०१६ साली मनालीहून खारदुंग ला खिंडीपर्यंत अशी सायकल चालवली. मागे बसणारा हा ओझे नव्हे, हे यावरून दिसते. पॅरालिम्पिकमध्येही अशा शर्यतीचे पदक दोघांना मिळते.

कोणी म्हणेल, "पुढचा एकटा सायकल चालवू शकतो, मागचा नाही. मग उपकार कसा नाही?" गरज सारखी नाही, हे खरेच. मग समता कशात आहे? अलिबागहून रेवदंड्यामार्गे मुरूडकडे जाताना चढ लागतात, वळणे लागतात, पावसाळ्यात खड्डे पडतात. पुढच्याने ते स्वतः पाहून भागत नाही. "चढ आला", "खड्डा आहे", "पाय थांबवतो" असे आधी सांगावे लागते. न सांगता पाय थांबवले तर मागच्याच्या पायांना हिसका बसतो. कोठे जायचे, किती वेगाने जायचे, कोठे विसावायचे, हे दोघांनी ठरवायचे असते. ज्याला दिसते त्याच्यावर सांगण्याची आणि विचारण्याची जबाबदारी अधिक. समता ती येथे.

मदत घेणाऱ्यालाही मदतनीस पारखण्याचा अधिकार आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत अंध चक्खुपाल थेरांची कथा आहे. त्यांच्या काठीचे टोक धरून वाट दाखवणाऱ्या पालिताने वाटेत शीलभंग केला. ते कळताच थेरांनी त्याला पुन्हा काठी धरू दिली नाही. वाटाड्यावाचून अरण्यात राहणे त्यांनी पत्करले. गरजवंताला शील आणि स्वाभिमान नसतो असे समजणाऱ्यांनी ही कथा लक्षात ठेवावी.

आपल्या वाडवडिलांच्या ओंजळीत पाणी वरून ओतले जाई. तहान भागे, पण माणूसपण मिळत नसे. म्हणूनच २० मार्च १९२७ रोजी याच जिल्ह्यातील महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी स्वतःच्या ओंजळीने घेतले. तो प्रश्न केवळ पाण्याचा नव्हता, बरोबरीच्या हक्काचा होता. हा इतिहास ज्यांचा आहे, त्यांनी दुसऱ्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतू नये.

म्हणून आपल्या तरुणांनी अंध बांधवांसोबत जरूर सायकल चालवावी. निघण्यापूर्वी मात्र त्यांना एवढे विचारावे : "आज कोठे जायचे?"