योनाची सावली



योना निनवे शहराबाहेर बसला होता. देवाने एक वेल वाढवून त्याच्यावर सावली केली, योना आनंदला. दुसऱ्या पहाटे किड्याने वेल पोखरला, तो वाळला. ऊन डोक्यावर आले आणि योना मरण मागू लागला. तेव्हा देवाच्या प्रश्नाचा आशय असा होता: एका वेलासाठी तू एवढा हळहळतोस, मग लाखाहून अधिक माणसे आणि इतकी गुरेढोरे असलेल्या शहराचा मला कळवळा येऊ नये काय? योनाचे उत्तर ग्रंथात नाही. ते आपण द्यायचे आहे.

उन्हाळ्यात आपणही आपापली सावली शोधतो. ऐपत असेल तो एसी लावतो. त्याची गरम हवा बाहेर जाते, जिथे भाजीवाली बसलेली असते. काँक्रीट आणि डांबर दिवसभर तापतात व ती उष्णता रात्री सोडतात. पत्र्याच्या खोलीतल्या म्हाताऱ्या जिवाला रात्रीही विसावा नसतो.

मे २०१० मध्ये उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. शहर जागे झाले. २०१३ साली तिथे उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा तयार झाला, दक्षिण आशियातला पहिला. लोकांना आधी इशारा, दवाखान्यांची तयारी, पुढे गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग. म्हणजे असे मृत्यू ‘देवाची करणी’ म्हणून सोडून देता येत नाहीत.

पण शहर बांधतानाच उन्हाचा हिशेब मांडायला हवा. नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा कर, कोणी पडून मेल्याचा दोष घरावर येऊ नये, अशी आज्ञा ‘अनुवाद’ या पुस्तकात आहे. बांधकामाचा नियम हाच तिथे शेजारप्रीतीचा नियम झाला. आज सावली हा तो कठडा आहे.

आपल्या वसईत वाड्या आणि बावखले हा आपला कठडा होता. तो इतरांनीच मोडला असे म्हणू नये. कित्येक कागदांवर आपल्याच सह्या आहेत. विकास आराखड्याचा मसुदा आला की आपल्या जमिनीवर आरक्षण पडले का, एवढेच आपण पाहतो. तोच योनाचा वेल! यापुढे तळे, मैदान, झाडे यांच्या जागा राहिल्या का, तेही पाहू या आणि मुदतीत लेखी हरकती देऊ या.

प्रभो, आमच्या वेलापलीकडचे शहर आम्हांला दिसू दे. आमेन.