दुखतं का, एवढं विचारून भागत नाही

पालघर

चि. भाचीस,


तुझी ऑर्डर आली आणि नेमणूक बोईसरला मिळाली, हे ताईने फोनवर सांगितलं. फार बरं वाटलं. घर पालघरला, ड्युटी बोईसरला. डहाणू लोकल वेळेवर मिळाली तर मध्ये उमरोळी एवढं एकच स्टेशन. पण या थोड्या अंतरात किती तऱ्हेची माणसं तुझ्या हाताखालून जाणार आहेत, याची कल्पना तुला अजून नसेल. विक्रमगड-जव्हारकडून आलेला वारली, सातपाटी-मुरब्याची मांगेलीण, तारापूर एमआयडीसीत बारा तास उभा राहणारा बिहारचा किंवा ओडिशाचा पोरगा, बाजारपेठेतला गुजराती दुकानदार, वीटभट्टीवरून थेट उचलून आणलेली कातकरी बाई. सगळे एकाच वॉर्डात, एकमेकांना लागून.

नर्सिंग कॉलेजात बेड मेकिंग, टीपीआर (ताप, नाडी, श्वास), दर दोन तासांनी कूस बदलणं, इंजेक्शनच्या जागा हे सगळं तुझ्याकडून घोटून घेतलेलं आहे. त्याबद्दल मला काही सांगायचं नाही. मला लिहायचं आहे ते दुखण्याबद्दल, कारण ताप थर्मामीटर सांगतो, रक्तदाब यंत्र सांगतं, आणि दुखणं फक्त ज्याचं त्यालाच कळतं. मार्गो मॅककॅफरी नावाच्या अमेरिकन नर्सने 1968 साली हे ठामपणे मांडलं: पेशंट म्हणतो तेच दुखणं, आणि तो म्हणतो तेव्हा ते आहे. एका नर्सने डॉक्टरांना शिकवलेली ही गोष्ट आहे, याचा मला अजूनही अभिमान वाटतो. पण आपल्या भागात तिला एक जोड द्यावी लागते. इथला पेशंट पुष्कळदा म्हणतच नाही. मग काय करायचं?

विक्रमगडच्या पलीकडच्या पाड्यावरचे एक बाबा माझ्या वॉर्डात होते. ताडाच्या झाडावरून पडलेले, मांडीचं हाड मोडलेलं. राउंडला कोणीही विचारलं, "बाबा, दुखतं का?" की मान हलायची: नाही. केसपेपरवर लिहिलं जायचं, तक्रार नाही. मी जेवणाच्या वेळी जवळ गेले तर भात तसाच, पाण्याचा तांब्या भरलेला. एका हाताने खाटेची दांडी इतकी घट्ट धरलेली की बोटांची पेरं पांढरी पडलेली. चांगल्या पायाची बोटं आत वळलेली. कपाळावर घाम, आणि महिना डिसेंबरचा. मी दुखण्याचं नावच काढलं नाही. विचारलं, रात्री डोळा लागला का? कूस वळता येते का? लघवीला जाऊन किती वेळ झाला? तेव्हा हळूच कळलं की भांडं मागायला लागू नये म्हणून ते पाणीच पीत नव्हते. भांडं द्यायचं म्हणजे कंबर उचलायची, आणि कंबर उचलली की जीव जात होता. शिवाय परक्या बाईकडे भांडं मागायचं कसं? डॉक्टरांना हे जसंच्या तसं सांगितलं, इंजेक्शन लागलं, भांडं द्यायला वॉर्डातले मामा येतील असं ठरवलं. संध्याकाळी त्यांनी भात खाल्ला.

म्हणून तुला सांगते, "दुखतं का?" हा प्रश्न आमच्या पाड्यावरच्या माणसाला निम्मा परका असतो. सिस्टर मोठी, डॉक्टर मोठे, त्यांना त्रास कशाला द्यायचा, असं त्याला वाटतं. तू कामाचं विचार. झोप, कूस, खोकला, घास, लघवी, लेकराला पाजायला घेता येतं का. आणि एक ते दहा आकड्यांत मोजायला सांगणारा तक्ता शाळा न पाहिलेल्या आजीपुढे धरू नकोस. तिला विचार, रुपयातले किती आणे दुखतंय? आमच्याकडची म्हातारी माणसं आपणहून सांगतात, "आठ आणे फरक पडला." हीच त्यांची मोजपट्टी, आणि ती चांगली चालते. औषधाआधी बारा आणे, औषधानंतर चार आणे, असं केसपेपरवर लिहायला कोणी हरकत घेत नाही. फक्त प्रत्येक वेळी त्याच मापाने मोज.

दुखणं कसलं, हेही विचार. ठणकतंय म्हटलं तर आत पू धरल्याची शंका घे. कळ येऊन जाते म्हटलं तर आतडं किंवा मूतखडा. आग होते, मुंग्या येतात म्हटलं तर मज्जातंतूकडे लक्ष दे. हिंदी बोलणारा कामगार जलन, मरोड़, झनझनाहट म्हणेल. ते शब्द पहिल्या आठवड्यातच पाठ करून टाक. वारली, मांगेली, वाडवळी बोली तुला सगळ्या येणार नाहीत. वॉर्डातल्या मावशी, आशाताई, शेजारच्या खाटेवरची बाई यांना मदतीला घे. मात्र बाईच्या अंगावरून जाणं, गर्भ, मारहाण असल्या गोष्टी नवऱ्याला किंवा लहान मुलाला दुभाषा करून विचारू नकोस. खरं उत्तर मिळणार नाही, आणि बाई तुझ्यापासूनही तुटेल.

आता दुसरी बाजू. एखादी बाई प्रसूतीच्या कळांत मोठ्याने ओरडते, आणि स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणतं, "नाटकं आहेत सगळी." हे वाक्य तुझ्या तोंडून कधी येऊ देऊ नकोस. आणि त्याचं जुळं भावंड, "आदिवासी बाया सोसतात, त्यांना फार दुखत नाही," हे तर त्याहून वाईट. त्याचा परिणाम असा होतो की टाके घालताना भूल कमी पडली तरी कोणी थांबत नाही.

मार्क झबोरोव्स्की या अभ्यासकाने न्यूयॉर्कच्या माजी सैनिकांच्या एका इस्पितळातल्या पेशंटवर केलेलं काम 1952 साली छापलं. इटालियन आणि ज्यू पेशंट दोघेही विव्हळायचे, पण इटालियन माणसाला आत्ताचं दुखणं थांबायला हवं होतं, आणि ज्यू माणसाला हे दुखणं पुढे काय वाढून ठेवणार याची धास्ती होती. आवाज सारखा, काळजी वेगळी. पुढे पुष्कळांनी या कामाचा उपयोग अमुक जमात रडकी, तमुक जमात चिवट असे शिक्के मारायला केला, तो मला मुळीच पटत नाही. माझ्या मते त्यातून घेण्यासारखा एकच प्रश्न आहे, आणि तो प्रत्येक पेशंटला वेगळा विचारावा लागतो: तुम्हाला या दुखण्याची भीती कशाची वाटते? मांगेलीण म्हणेल, बोटीवर गेलेल्या घरच्या माणसाला कळवलंय का. वारली बाई म्हणेल, भाताची आवणी अर्धी राहिली. कामगार म्हणेल, मेरी हाजिरी. जमातीची माहिती असली की प्रश्न नीट विचारता येतो. उत्तर मात्र त्याच माणसाकडून यायला हवं.

कामगारांचं थोडं अधिक सांगते, कारण बोईसरला ते रोज येणार. बोट मशिनमध्ये गेलेला पोरगा येतो तेव्हा बरोबर ठेकेदाराचा माणूस असतो, आणि सगळी उत्तरं तोच देतो. कसं लागलं, कुठे लागलं, दुखतंय की नाही. तू गोड बोलून त्याला केसपेपर काढायला पाठव. मग पोराला विचार. दुखणं किती आणि कुठे, काम कुठलं करत होता, किती वाजता लागलं, हे सगळं लिही. ईएसआयच्या रजेसाठी, उद्या भरपाईचा प्रश्न आला तर त्यासाठी, तुझ्या अक्षरातल्या त्या दोन ओळी त्याच्या उपयोगी पडतात.

आणि केमिकलचे पेशंट. इथे डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस. फिनॉल अंगावर सांडलं तर आधी चुरचुरतं आणि मग कातडी बधिर होते. पोरगा म्हणतो आता बरं आहे, आणि आत जखम खोल जात असते. हायड्रोफ्लोरिक ॲसिड पातळ असेल तर उलटं: कातडीवर फारसं काही दिसत नाही, काही तासांनी जीवघेणं दुखायला लागतं. दिसत तर काही नाही म्हणून त्याला घरी पाठवलं तर घात होतो. त्याला कॅल्शियम ग्लुकोनेट लागतं, ते तुमच्याकडे कुठल्या कपाटात आहे हे पहिल्याच दिवशी बघून ठेव. खोल भाजलेल्या जागेचंही तसंच. मज्जातंतूच जळाले की तिथे दुखत नाही, कडेकडेने दुखतं. कपडे काढ, भरपूर पाण्याने धू, कुठलं केमिकल होतं ते विचार, आणि डॉक्टरांना हाक मार.

पावसाळ्यात मण्यारीची आठवण ठेव. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, जागेवर सूज नाही, दुखणं जवळजवळ नाही. पहाटे माणूस पोट दुखतं म्हणून येतो, घसा धरलाय म्हणतो, पापण्या जड झालेल्या असतात. पोटदुखीची गोळी देऊन बाकावर बसवलं तर श्वास थांबेपर्यंत कळत नाही. भाताच्या दिवसांत पहाटेच्या पोटदुखीला एक प्रश्न ठरलेला असू दे: रात्री कुठे झोपला होता?

सर्वांत जास्त मनावर घेऊन सांगायचं आहे ते सिकलसेलचं. आपल्या जिल्ह्यातल्या आदिवासी समाजांत हा आजार आहे. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडं, पाठ, छाती, हातपाय असे दुखतात की धडधाकट तरुण लोळण घेतो. थंडी, ताप, उन्हातलं काम, पाणी कमी पडणं, यातलं काहीही निमित्त होतं. पुष्कळदा नाडी ठीक, रक्तदाब ठीक, बाहेर जखम नाही. असा पोरगा वर्षातून चार वेळा आला आणि मागच्या वेळी कुठल्या इंजेक्शनने बरं वाटलं ते नावासकट सांगू लागला, की त्याच्यावर संशय घेतला जातो. नशेसाठी मागतोय, असं बोललं जातं. बाळा, त्याला औषधाचं नाव पाठ आहे कारण त्याचं दुखणं पाठ आहे. त्याला ऊब दे, बर्फ लावू नकोस. सांगितलेलं सलाईन नीट चालतंय का बघ, ऑक्सिजन किती आहे ते मोज, आणि दुखण्याचं औषध वेळेवर दे, मागेपर्यंत थांबू नकोस. छातीत दुखून धाप लागली, ताप आला, तर एक मिनिट वाया घालवू नकोस. दोन वर्षांच्या आतलं बाळ हातापायाची बोटं सुजवून रडत आलं तर पडलं असेल असं समजून पट्टी बांधू नकोस. तपासणीची आठवण कर. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 ला सिकलसेल निर्मूलनाची मोहीम मध्य प्रदेशात शहडोलला सुरू केली, 2047 चं लक्ष्य ठेवलं. चांगलं आहे. पण आज रात्री जो पोरगा कण्हतोय त्याच्यासाठी मोहीम म्हणजे तूच आहेस.

मॉर्फिन, ट्रामाडॉलला भिऊ नकोस, आणि हलक्यातही घेऊ नकोस. दिल्यानंतर श्वास मोज, हाक मारून बघ, गुंगी किती आहे ते लिही. 2014 साली कायदा बदलून मॉर्फिन मिळणं सोपं झालं, तरी परळच्या टाटा रुग्णालयातून परत पाठवलेले कॅन्सरचे पेशंट गावी तळमळताना मी पाहिलेत. त्यांना सवय लागेल ही चिंता कोणी करू नये.

भगताचा दोरा, ताईत, अंगारा यांवरून वाद घालू नकोस. सलाईनसाठी दोरा आड आला तर दुसरा हात बघ. कापावाच लागला तर आधी विचार, आणि कापलेला दोरा कचऱ्यात न टाकता नातेवाइकाच्या हातात दे. भगताकडे जाऊन आलात का, हे रागाने विचारलंस तर पुढच्या वेळी ते लपवतील, आणि पोटात कसली मुळी गेली ते तुला कळणार नाही. साधेपणाने विचार. ते सांगतात.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या जागतिक संघटनेने 2020 साली आपली व्याख्या सुधारली. तिच्यासोबतच्या टिपांत स्पष्ट म्हटलंय की बोलता येत नाही याचा अर्थ दुखत नाही असा होत नाही. पाड्यावरच्या बाबांना हे कोणी वाचून दाखवणार नाही. ते तू पाळायचं.

एक मागणं आहे. चार्ज देताना "सात नंबर, काही तक्रार नाही" असं कधी देऊ नकोस. विचारलं का, कुठल्या बोलीत विचारलं, औषधाआधी किती होतं, औषधानंतर तासाभराने परत जाऊन बघितलं तेव्हा किती उरलं, एवढं सांग आणि मगच पदर खोचून स्टेशनकडे निघ. पुढची सिस्टर कंटाळली तरी सांग.

तुझी,
मावशी